ताबा पावती

निवासस्थान क्रमांक तीन, टाइप दोन,
आरोग्य केंद्राच्या मागे, धसई,
तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे.
दुपारी पोचलो, रजिस्टर आणि कार्बन घेऊन.
डोईफोडे सिस्टरनी चहा गाळून ठेवला होता
स्टीलच्या दोन पेल्यांत.
कपबशा बांधून झाल्या होत्या.

पंखे?
दोन.
यादीत तीन आहेत.
तिसरा लेबर रूमला नेला, अठ्ठ्याण्णव साली.
तिथला जळाला होता, बाई अडलेली,
कुणाच्या सहीची वाट बघू?
मी लिहिलं : पंखे तीन, चालू.

नळ चार, एक गळका.
गळका लिहू नका, म्हणाल्या,
दुरुस्त कराल.
त्याच्याखाली अळू आहे.

आतल्या चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा.
अनुजा पहिली. अनुजा दुसरी.
अनुजा चौथी, तापातून उठल्यावर.
पुढे नुसत्याच रेघा.
आमच्या दप्तरी ही चौकट
तीनदा रंगवल्याची बिलं आहेत.
मी काही बोललो नाही.
त्याही बोलल्या नाहीत.

स्लॅबला पाळण्याची कडी. यादीत नाही.
मागे शेवगा. यादीत नाही.
कमी भरलेल्या वस्तूंना रकाना आहे,
शेजारी वसुलीचा दर.
जास्त भरलेलं कुठे लिहायचं
हे मला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा दुसरा गज
हाताच्या उंचीला उघडा पडलाय, चकचकीत.
रात्री पुढचं दार वाजवायची रीत नव्हती.
वाडीतली माणसं इथे यायची,
विळ्याची मूठ गजावर आपटायची
आणि अंधारात लांब जाऊन उभी राहायची.

आता कुठे, सिस्टर?
बदलापूरला आहे की. सातवा मजला.
हप्ते फिटले, राहिले मात्र कधीच नाही.
भाडेकरूला पंधरा तारीख दिलीय.
मग हसल्या.
मीही जाणार आता, वही घेऊन,
त्याचे पंखे मोजायला.

नवीन सिस्टरची ऑर्डर निघालीय.
ती कल्याणहून ये-जा करणार म्हणे.
मुलाची शाळा तिकडे.
चूक कुणाची म्हणायची!
म्हणजे या खोलीला कुलूप,
कुलपाला गंज,
आणि पुढच्या वर्षी माझ्याच सहीने
'राहण्यास अयोग्य'.

किल्ल्या?
त्यांनी एक टेबलावर ठेवली.
यादीत दोन आहेत.
दुसरी बुधीकडे असते, कातकरवाडीतल्या.
तिचे दिवस भरत आलेत.
दवाखाना बंद दिसला
तर आत येऊन टेकेल तरी.
गहाळ लिहा.

मी लिहिलं : किल्ली एक. दुसरी गहाळ.
वसुली रुपये चाळीस.

पेल्याखाली
चार दहाच्या नोटा
मी यायच्या आधीपासूनच होत्या.