छाट

साकोलीच्या ग्रामीण रुग्णालयात
पडद्यामागं अंधार, करकरणारा पंखा.
यांना उताणं निजवलं.
मान तिकडं करा, मेश्राम बाई म्हणाली,
आणि गळ्यावर ओतला थंडगार गोंद.
"अजून मेलो नाही ना बाप्पा मी," हे म्हणाले.
ती हसली नाही.
ती काचेत बघत होती.

काचेत मला दिसली बांधी,
दोन धुऱ्यांच्या मधून काळं पाणी.
वरचा धुरा सरळ.
खालचा एका जागी फुगलेला,
कोणी रोज मूठमूठ माती टाकत गेल्यासारखा.

मंग तिनं एक कळ दाबली
आणि खोलीभर आवाज :
फस्स... फस्स... फस्स...
सुपात धान पाखडावं तसा.
तेहतीस वर्षं त्या मानेशेजारी निजले.
घोरणं ऐकलं, पहाटेचा खोकला ऐकला.
हे नाही ऐकलं.

"रोज किती ओढता?"
"मोजत नाही."
मोजते मी.
हजार वळून नेल्या की मुनीम अंगठ्यानं दाबतो,
ढिली, फाटकी, वाकडी : छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
ती पदरात बांधून घरी आणायची.
"फेकतं काहून?" म्हणायचे हे.
नाही फेकली. एकही.

"आतला थर जाड झाला. एक पूर्णांक एक मिलीमीटर.
त्रास व्हायच्या आधीच दिसलं, बरं झालं."
मिलीमीटर मला कळत नाही.
मला पत्र्याचा फर्मा कळतो.
"पानाएवढा?"
तिनं माझ्या बोटांकडं पाहिलं.
"चार पानं. भिजवलेली."
तिची आई वळत असणार.

स्टँडवर यांचा हात खिशाकडं गेला,
तिथंच थांबला,
मंग उगाच बसचा फलक वाचत बसले,
जो यांना पाठ आहे.

रात्री सूप मांडीवर घेतलं.
उद्याची हजार उद्याच द्यायची,
ते काही सुटत नाही.
कालच्या सात छाट कोनाड्यात होत्या.
अंधारातून हात पुढं आला,
काही बोलला नाही.
मी एकेकीचा दोरा सोडला,
जर्दा डब्यात,
पानं ओल्या फडक्यात.

हे बघत राहिले,
बोटानं गळ्यावरचा
वाळलेला गोंद
खरवडत.