पिवळा सेल

गुंदेचा म्हणाले, लीग काढायची.
बाणेरचं ऑफिस, अकरावा मजला,
एसीचा रिमोट सापडत नव्हता म्हणून सगळेच जरा गारठलेले.
गोल्फची. व्यावसायिक. आठ संघ, आठ शहरं.
मी लॅपटॉप उघडला. माझं काम तेवढंच.

संघाची किंमत तीन कोटी, पाच हप्त्यांत.
पहिला हप्ता फोटोसाठी येतो,
दुसऱ्यासाठी फोन करावे लागतात,
पुढचे तीन मी गृहीत धरले.
गृहीत धरलेल्या आकड्यांना आम्ही पिवळा रंग देतो.
रात्री नऊपर्यंत शीटला
हळद लागल्यासारखी दिसत होती.

खर्च मात्र पांढरे, ठाम.
क्रिकेटला बावीस यार्ड पुरतात.
इथे दीडशे एकरांत आवळ्याएवढा चेंडू
आणि त्याच्या मागे चौतीस कॅमेरे.
वाहिनी पैसे देईल असं वाटलं होतं;
तिने दरपत्रक पाठवलं,
आपण तिला द्यायचे, त्याचं.
दोन परदेशी खेळाडू नुसतं येण्याचे जेवढे मागत होते
तेवढ्यात उरलेल्या बासष्ट जणांचं बक्षीस निघालं असतं.

आणि डी-सत्तेचाळीस: पाहणारे.
मी चार लाख टाकले होते, तेही भीत भीत.
तळाशी सगळं लाल.
गुंदेचा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.
‘सोहोनी, देशात माणसं किती?’
मी एक शून्य वाढवलं.
शीट वरपासून खालपर्यंत एकदा थरथरली
आणि हिरवी झाली.
तसली नितळ हिरवळ मला नंतर
येरवड्याच्या मैदानावरही दिसली नाही,
तिथे रोज अठरा टँकर रिकामे होत असूनही.

प्रत्येक संघात दोन स्थानिक खेळाडू,
हा नियम माझा. हॉटेलचं बिल वाचतं.
त्या नियमातून हणमंत बनपट्टे आला,
बोलीच्या शेवटच्या फेरीत, सहा लाखांना.
आजोबा खाणीत दगड फोडायचे,
हा सोळा वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहत
प्रत्येक ग्रीनचा उतार तळपायांनी शिकलेला.
करारावर सही करताना त्याने विचारलं,
‘माझी बॅग कोण धरणार?’

शेवटचा दिवस, अठरावं होल, अकरा फुटांचा पट.
लोहगावहून सुखोई उठलं.
समालोचक गप्प, कॅमेरे गप्प,
(त्या गप्प राहण्याचंही मिनिटाला भाडं चालू)
हणमंत क्लबवर रेलून आभाळ रिकामं होईतो थांबला,
मग चेंडूला जेमतेम हात लावल्यासारखं केलं.
आत पडल्याचा आवाज मला ऐकू आला,
एवढी माणसं कमी होती.
मी मोजली. सवय.
एकशे बारा, केटरिंगवाले धरून.

सोमवारी ऑनलाइनचा आकडा आला.
अठ्ठावन्न हजार,
पाच सेकंद थांबून गेलेलेही त्यात.

दुसरा मोसम ‘पुढे ढकलला’.
पाइपवाल्या प्रायोजकाचं पत्र आलं, मग वकिलाचं.
आता मी एक नवी शीट करतो आहे,
कुणाकुणाचं देणं राहिलं त्याची.
हिच्यात पिवळं काहीच नाही.
एकतीस: बनपट्टे हणमंत, बक्षीस, चौदा लाख चाळीस हजार.
बत्तीस: टँकरवाले.
तेहतीस: आमचीच फी.
हणमंतला न मिळालेल्या रकमेवरचा टीडीएस मात्र
आम्ही कापला, भरला, मुदतीच्या दोन दिवस आधी.
तेवढं चोख झालं.

काल त्याचा फोन होता.
मागे कुणीतरी ‘बॅग, बॅग’ म्हणून हाका मारत होतं.
‘साहेब, एकतीस म्हणजे चांगला नंबर की वाईट?
आमच्या खेळात कमी आकडा बरा.’
मी म्हणालो, बघून सांगतो.
यादी समोर उघडीच होती.