हातमोज्याखालचा विंचू

डंडीत नोव्हेंबरला चार वाजताच दिवस उरकतो.
टे नदीवरचा पूल आधी दिसेनासा होतो, मग नदी.
मी निळे हातमोजे चढवते,
आणि पाच वर्षं कुणाला पत्ता नाही
की माझ्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी
एक विंचू बसलाय.

कॅट्रिओनाला माहीत आहे.
तिच्या स्वतःच्या मानेवर डीएनएची आख्खी शिडी
कानामागे चढत गेलीय.
"मी मशिनं सांभाळते, मशिनांना मान दिसत नाही.
तू मात्र लेक्चरर व्हायला निघालीस.
तिथे हात मिळवावा लागतो."

बूट्समध्ये माझ्या रंगाच्या जवळची जी छटा मिळाली
तिचं नाव होतं 'मध'.
लावून पाहिली.
विंचू मधात पडल्यासारखा दिसायला लागला.

"करून घेताना करिअरचा विचार नाही केलास?"
फर्गसनं विचारलं, प्रेमानंच.
मी सहा वर्षांची होते, फर्गस.
सारंगखेड्याच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारामागे
आत्यानं मांडीत आवळून धरलेलं,
गोंदणारी सुया टोचत होती आणि वर गात होती.
मी बोंबलले तेव्हा तोंडात गूळ कोंबला.
"रडू नको बाय, सोनंनाणं इथंच ऱ्हातं,
वर जाताना एवढंच येतं संगं."
अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहू हे?

दिवसभर मी पाहते ते असं:
उंदराच्या शेपटीत शाई टोचायची.
एक पेशी धावत येते, शाई गिळते.
पचवता येत नाही, टाकता येत नाही,
तशीच धरून बसते. मग मरते.
शाई सांडते.
शेजारीण पुढे सरकते
आणि गिळते.
आपल्याला जे गोंदण म्हणून दिसतं
ती एकाच जागी उभी वारसांची रांग.
माझा विंचू ज्यांनी पहिल्यांदा उचलला
त्या कधीच गेल्या असणार,
मला न कळवता.

मुलाखतीला पाच माणसं, पाण्याचा एक जग.
बावीस स्लाइड दाखवल्या.
लेझरचा लाल ठिपका पेशीवर,
विंचू लेझरवर.
प्राध्यापक ऑचिन्लेकांची नजर
एकदा ठिपका सोडून खाली उतरली.
एकदा? की दोनदा?
शेवटी त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर! मेंदी का?"
"नाही. कायमचं आहे."
"ओह."
आमच्या तराजूत मिलिग्रॅमखालचंही वजन होतं.
त्या 'ओह'चं अजून झालेलं नाही.

नवव्या दिवशी पत्र:
उमेदवार फारच तोलामोलाचे होते.

विंचवानं खाल्लं असेल का?
की माझे पहिल्या नावाचे पेपर दोनच,
की निधीच्या प्रश्नाला मी अडखळले,
की नुसतं माझं 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखं म्हणणं?
प्रयोगाला कंट्रोलच नव्हता.
दुसरी मी हवी होती, कोऱ्या हाताची,
त्याच दुपारी, त्याच स्लाइड घेऊन,
त्याच प्रश्नाला अडखळणारी.
नमुना एक.
एवढ्यावर मी विद्यार्थ्यालाही निष्कर्ष काढू देत नाही.

"हलकट आहेत," कॅट्रिओना म्हणाली.
तो निष्कर्ष नव्हता, चहा होता.
मी घेतला.

आत्यानं फोनवर विचारलं,
"विंचू दिसतो का गं अजून?"
"दिसतो. जरा पसरलाय. कडा निळ्या झाल्यात."
"पसरू दे. लांबचं जायचंय त्याला."

संध्याकाळी हातमोजे उलटे सोलून काढले.
घामानं मऊ पडलेल्या कातडीवर
तो नांगी उचलून बसलेला.
साबण लावला, वीस सेकंद, नियमाप्रमाणे.
मग कोरडा केला.

पुढच्या अर्जाची शेवटची तारीख
आठ जानेवारी.