देठ

सेतुबालच्या बंदरामागे, गल्लीत माझं दुकान.
वहीत फुलं, फुलांखाली अर्थ :
गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे चिखलातून वर,
लिली गेलेल्यांसाठी.
पोरं बोट ठेवतात,
खानावळीत मासा निवडावा तसं.

देओलिंदा वही मिटून ठेवते.
सत्तरी ओलांडलेली. कार्नेशन हवंय. लाल.
'क्रांती,' मी म्हणतो, जाणत्यासारखा.

'ते चौकातल्या पुतळ्याला सांग.
भाऊ मे महिन्यात गिनीच्या लढाईवर निघायचा होता.
आईनं ट्रंक भरून ठेवलेली.
एप्रिल संपताना तिनंच ती उपसली,
एकेक मोजा उन्हात टाकला.
आमच्याकडे या फुलाचा अर्थ एवढाच :
वाळत घातलेले मोजे.'

मग बाही वर सारते.
मनगटापासून कोपराकडे पांढरी रेघ,
सार्डिनच्या डब्याच्या पत्र्यानं
सतराव्या वर्षी ओढलेली.
'देठ आहे. तू फक्त फूल काढ.'

कातडी पातळ. शाई पसरते,
एक पाकळी बिघडते.
मी थांबतो.
ती चष्मा लावून, हात लांब धरून बघते.

'राहू दे,' म्हणते,
'त्यातला एक मोजा फाटकाच होता.'