अंशतः खरे आहे

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं
आणि हुडहुडी आम्हाला पुण्यात भरते.
साडेचारला ईमेल येतो:
तारांकित प्रश्न, उत्तर आजच.
आज म्हणजे आत्ता.

येरवड्यातील बराकींत क्षमतेपेक्षा अधिक बंदी
ठेवण्यात आले आहेत, हे खरे आहे काय?
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बावीस वर्षं मी ही उत्तरं टाइप करते.
मिसळणाच्या डब्यासारखी चार वाट्यांत असतात ती:
होय. नाही. अंशतः खरे आहे.
प्रश्न उद्भवत नाही.
चिमूट चिमूट घालायची,
फोडणी वरचे साहेब देतात.

पण यंदा सप्टेंबरात समिती येऊन गेली होती.
आदल्या आठवड्यात कडुलिंबांच्या बुंध्यांना
गेरू आणि चुना लागला,
बराक सातमधली माणसं
तीन दिवसांपुरती इतरत्र विरघळली,
आणि त्या दिवशी
डाळीत डाळ होती.
मी टिपणं घ्यायला गेले होते. अधीक्षकांच्या खोलीत
काजू, केळी, चहा,
भिंतीवर तक्ता, तक्त्यावर चौरस मीटर.
पाच सदस्य तक्ता बघत होते.
सहाव्या, लोणंदकडच्या बाई,
कप तसाच ठेवून उठल्या
आणि कुणी दाखवली नव्हती त्या बराकीत शिरल्या.

तिथे सुखदेव खिलारे बसला होता.
जामीन मार्चमध्येच मंजूर,
पंधरा हजारांचा जामीनदार मिळेना म्हणून
अजून आत.
बाई खाली बसल्या, पदर खोचला,
आणि त्याच्या वळकटीपासून शेजारच्या वळकटीपर्यंत
हाताची वीत टाकत गेल्या.
एक. दोन. आणि थोडी.
"सव्वादोन," म्हणाल्या. "झोपतोस कसा रे?"
"कुशीवर, ताई.
एकानं कूस बदलली की सगळी रांग बदलते.
उठवावं लागत नाही कुणाला, सवय झालीय."
अधीक्षकसाहेब हसले.
हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं
की आपण एकटेच हसलो.

टिपणात मी लिहिलं: सव्वादोन विती.
बोकीलसाहेबांनी ते खोडलं. हे परिमाण
ग्राह्य धरता येत नाही.

तर त्या संध्याकाळी, साडेचारच्या ईमेलला,
मी उत्तर लिहिलं:
होय, हे खरे आहे.
साहेबांनी हिरव्या शाईने
"हे"च्या आधी "अंशतः" घातलं.
"कुठला अंश, सर?"
चष्मा काढून डोळे चोळले त्यांनी. वाईट नाहीत ते,
मुलीच्या फीसाठी फंडातून दोनदा पैसे काढलेले.
"मॅडम, पूर्ण खरं लिहिलं
की पुरवणी प्रश्न येतात."

उत्तर गेलं. तिकडे गदारोळ झाला, दुसऱ्याच कशावरून तरी.
प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला,
आमचा प्रश्न यादीत त्रेचाळिसावा,
उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आले.
ठेवण्यात आले म्हणजे ठेवण्यातच आले.
मी बसने पूल ओलांडून घरी.

संपलं असं धरून चालले होते.
जानेवारीच्या नऊ तारखेला समितीकडून पत्र आलं,
एकच परिच्छेद, शिक्का तिरका:
सन्माननीय सदस्यांनी विचारणा केली आहे की
शासनाच्या उत्तरातील "अंशतः"
म्हणजे नेमक्या किती विती?
खुलासा आठ दिवसांत सादर करावा.

साहेब रजेवर आहेत, किंवा गेले आहेत.
पत्र माझ्या टेबलावर. शिपाई भानुदास
दोनदा विचारून गेला, चहा आणू का.
ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली,
तिच्यावर पंजा ताणून ठेवला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
माझी वीत साडेसात इंच.

बाईंची किती, विचारायला हवं.
आणि खिलारे अजून आहे का, तेही.