पातं उचलायची जागा

शेवटच्या पॉप्लरपाशी मी पातं उचलतो.
पाटी लहान आहे, गाडीच्या दिव्यात दिसते न दिसते,
पण एकोणीस हिवाळ्यांनंतर
हात आपोआप दांड्यावर जातो.
इथपर्यंतचा बर्फ माझ्या सरकारचा.
पुढचा त्यांच्या.

त्यांची गाडी सहाला येते, कधी साडेसातला.
पलीकडून येते, ह्याच पॉप्लरपाशी वळते,
आणि मधे उरतो वीतभर बर्फाचा बांध,
जो अजून कुणाच्या नावावर चढलेला नाही.

वाटण्या नीट झाल्यात या देशात, तक्रार नाही.
रस्ते ज्याच्या त्याच्या प्रांताकडे,
शाळा ज्याच्या त्याच्या भाषेकडे,
सैन्य आणि आगगाड्या सामाईक,
भावाभावांत न फुटलेल्या मोठ्या पातेल्यासारख्या.
पूर्वेच्या टोकाला जर्मन बोलणारी नऊ गावं,
त्यांचीही चूल वेगळी, त्यांचाही शिक्का.
ब्रसेल्स दोघांचं,
म्हणून तिथे एकेका गल्लीला दोन नावं.

हसू नका.
माझा पणजोबा, पेत्रुस, कोर्टात उभा होता
सायकलला दिवा नव्हता म्हणून.
न्यायाधीश बोलला, वकील बोलला,
त्याच्या वतीनं कुणीतरी मान हलवली.
दंड भरून बाहेर आल्यावर
त्यानं दारावरच्या शिपायाला आमच्या बोलीत विचारलं,
"मी काय केलं होतं?"
ही रेघ तेव्हापासून हवी होती आम्हाला.
कुणी बसल्या बसल्या ओढलेली नाही.

तरी जानेवारीतल्या त्या पहाटे
पॉप्लरच्या पल्याड उजेड हलताना दिसला.
ओदील. गुडघाभर बर्फात, नवऱ्याचे बूट घालून.
तिला माझी भाषा शाळेतल्या दोन धड्यांइतकी,
मला तिची शिव्यांपुरती.
ती म्हणाली, "गिलँ," आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.
अँब्युलन्स माझ्याच मागे येऊन थांबली होती,
मी केलेल्या वाटेवरून.

पातं उचललेलं होतं.
खाली टाकलं.

सोमवारी साहेबाचं पत्र:
सहाशे मीटर जादा, चार पोती मीठ,
परप्रांतात, विनापरवाना. खुलासा तीन प्रतींत.
साहेब वाईट नाही. म्हणाला, "वानेस,
आज तुझं पातं तिकडे गेलं, उद्या त्यांचं इकडे येईल,
मग पणजोबाला काय सांगशील?"
मला उत्तर सुचलं नाही.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: बर्फ.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे मीठ रस्ता खातो.
त्यानं कुणाला जागायचं?

गिलँ मार्चात घरी आला, काठी टेकत.
एप्रिलमध्ये पॉप्लरच्या बुंध्याशी चार पोती,
वर दगडाखाली चिठ्ठी, माझ्या भाषेत,
रस्त्याचं लिंग चुकलेलं:
"मीठ परत. रस्ता नाही."

कोठारातला कारकून पोती घेईना.
एक उघडून त्यानं चिमूट बोटांत चोळली,
म्हणाला, हे आपलं मीठ नव्हे,
दाणा जाड आहे.

अजून गाडीतच आहेत.
वळणावर घसरतात, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला.