तीन इंच एक सूत

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट.
जुन्या जीपचा ब्लॉक बाकावर उताणा.
मुकादमचाचा बोट फिरवतात बोअरच्या कडेने,
रिंगांनी घासून जिथे कंगोरा उठलाय,
आणि म्हणतात, "तीन इंच एक सूत होतं. आता नाही."

विम्याच्या फॉर्मवर रकाना सीसीचा.
तिथे सूत चालत नाही.

मग खडू, अर्ध्या ओढलेल्या शटरवर, आतून:
बोअर गुणिले बोअर, गुणिले स्ट्रोक
(चार इंच तीन सूत),
गुणिले पाय भागिले चार, कारण चौकोनाचे कोपरे
गोलाच्या वाट्याला येत नाहीत.
पुन्हा चार, सिलिंडरचे.
एकशे चौतीस घनइंच आणि वर चिमूटभर.
एका घनइंचाचे सोळा पूर्णांक तीन आठ सात.
मी मोबाइल काढेपर्यंत
चाचा बोलून मोकळे: "बावीसशेला एक कमी."

चाळीस थाऊ काढावे लागले.
दुपारभर बीडाची करडी भुकटी
पुठ्ठ्यावर पडत राहिली.

संध्याकाळी तोच हिशोब, नवा बोअर:
दोन हजार दोनशे छप्पन्न.
मी दोनदा ताडून पाहिलं.
सत्तावन्न सीसी आले कुठून?
आपण तर घातलं काहीच नाही, नुसतं काढलं.

चाचा भुकटी डब्यात ओतत होते.
"फॉर्मवर जुनाच लिही," म्हणाले,
"आरसी बुकात तोच आहे."

शटर बाहेरून ओढलं.
छप्पन्नचा आकडा आत राहिला,
अंधारात, खडूने लिहिलेला.